जुळ्या उजेडाचे मास्तर

वरच्या खोलीतले कॉलेजचे मास्तर नळावर बादली भरून वाहू लागली तरी बोलत ऱ्हायचे. "उजेडाचे कण जुळे निघतात, वहिनी. कितीही लांब जाऊ देत, एकाला तपासलं की दुसऱ्याचं कळतं. परदेशात प्रयोग चाललेत." बाया हसायच्या. माजी पोरं जुळी, म्हनून मी ऐकायची.

धाकट्याला लई ताप चढला, तर सासूबाई म्हनल्या, "जुळी तोडू नगंस. एकाला दवाखान्यात नेलंस तर दुसराबी हातचा जाईल."

धाकट्याला घिऊन मी पळत वर गेले. "मास्तर, याला दवाखान्यात नेलं तर थोरल्याचं तुमच्या उजेडावानी हुईल का वो?"

"ते उजेडाचं, वहिनी. ही पोरं आहेत. द्या इकडं." धाकट्याला उराशी धरून ते अनवानीच दवाखान्याकडं निगाले, मी मागं.

धाकटा वाचला. थोरला घरात खेळतच हुता. सासूबाई म्हनत्यात, देवानं राखलं. मीबी व्हय म्हनते. पर हात जोडले की मला आदी मास्तरांची पाठ दिसतीया.