पाइप मेजरचा श्वास

प्रॅक्टिस संपली की आमचा बँड लगेच घरी जात नाही. कार पार्कमध्ये डिक्क्या उघड्या टाकून गप्पा सुरू होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "त्या वर्षी काय झालं होतं आठवतंय?" असे किस्से इतके साठलेत की मला न्यायला आलेली माझी मुलगी खिडकीतूनच ओरडते, "मम, नो मोअर स्टोरीज!" गंमत म्हणजे किस्से सगळे हसायचे, पण घडले तेव्हा प्रत्येकात आमची फाटलेली होती!

मी ग्लोरिया. मूळची वसईची, राहते इथे परदेशात टूनगॅबी नावाच्या उपनगरात आणि चक्क बॅगपाइप वाजवते. यंदा आमच्या अख्ख्या बँडला एकच भीती होती. आमचा पाइप मेजर, म्हणजे बँडचा म्होरक्या इयन, सत्तरी ओलांडलेला. त्याची फुप्फुसं कामातून गेलेली, डॉक्टरने फुंकायला साफ मनाई केलेली आणि स्कॉटिश फेस्टिवल तोंडावर आलेला.

* * *

इयन आमच्या मागच्या कुंपणापलीकडे राहतो. एका रविवारी मी अंगणात उभी राहून मुलीला हाक मारली. वसईला वाडीच्या या टोकावरून त्या टोकाला मारतात, तशी! कुंपणावर एक पांढरं डोकं उगवलं. मला वाटलं झालं, आता हा कौन्सिलकडे तक्रार करणार!

"दॅट वॉज यू?"

"सॉरी, व्हेरी सॉरी," मी पुटपुटले.

"सॉरी कशाला? मंगळवारी स्काउट हॉलला बँडच्या प्रॅक्टिसला ये. एवढी फुप्फुसं नुसती पोरीवर कशाला खर्च करतेस?"

* * *

बॅगपाइप सुरू करणं सोपं, थांबवणं महाकठीण. फुंकून बॅग भरायची, काखेत दाबायची, की हवा नळ्यांतून आवाज करत निघते. तुम्ही फुंकायचं थांबलात तरी बॅगेत हवा असतेच.

माझ्या पहिल्या कार्यक्रमात सगळे एका झटक्यात थांबले. माझी बॅग थांबेना! भरल्या मैदानात ती एकटीच गळा काढून रडत राहिली. मी तिला दाबलं, आवळलं, मनात येशूचा धावा केला. ती आणखी रडली! इयन सावकाश माझ्याकडे वळला.

"तुझं चालू दे," तो म्हणाला. "आम्ही तोवर चहा घेऊन येतो."

* * *

केतकी आमची बेस ड्रमवाली. पुण्यात ढोल पथकात होती, इथे युनिव्हर्सिटीत शिकायला आली आणि इथलीच झाली. एका गावच्या शोग्राउंडवर तिने गवतातला ड्रम उचलला, तर खाली तपकिरी साप! इथला तपकिरी साप म्हणजे विषाचं कोठारच.

"ग्लोरिया, मेले गं मी!" एवढं मराठीत बोलून ती थिजली. ड्रम तसाच हातात!

"कुणी हलू नका," इयन कुजबुजला.

समोर दुसरा बँड वाजवत होता. सापाने दोन गाणी ऐकून घेतली. तिसरं सुरू झालं तसा तो निमूटपणे कुंपणाखालून निघून गेला.

"नशीबवान आहे तो, मेट," इयन म्हणाला. "परीक्षकांना शेवटपर्यंत बसावं लागतं."

मग केतकी गवतातच बसून रडली आणि इयन तिच्याशेजारी बसून राहिला. तो माणूसच तसा आहे.

* * *

खोकल्याचा किस्सा मात्र कुणी कार पार्कमध्ये सांगत नाही. भर प्रॅक्टिसमध्ये इयनने भिंतीला हात टेकला. खोकला काही थांबेना आणि बघता बघता ओठ निळे पडले. अँब्युलन्स आली. घरी सोडताना डॉक्टरने बजावलं, पुन्हा पाइप्स फुंकलेस तर मी जबाबदार नाही.

पुढच्या मंगळवारी इयन हॉलमध्ये हजर! मागून त्याची बायको मोरा.

"तो फेस्टिवलला वाजवणार नाहीये," ती म्हणाली.

"डॉक्टर पियानो वाजवतो," इयन म्हणाला. "त्याला फुंकण्यातलं काय कळतंय?"

कुणाला हसू आलं नाही. संध्याकाळी मोराने मला कुंपणापाशी गाठलं. "तो ऐकायचा नाही. फुंकताना लाल होतो, तोवर ठीक. रंग उतरला तर तुझं वाजवणं सोड आणि त्याला धर." ते ऐकून मीही घाबरले.

* * *

फेस्टिवलला आम्ही इयनच्या गाडीतून निघालो. पुढे मोरा, मागच्या सीटवर केतकी आणि मी, आमचं सगळं लक्ष त्याच्या श्वासाकडे. हायवेवर त्याने अचानक गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर हात ठेवले आणि मान खाली घातली.

मोरा किंचाळली. केतकीने फोन काढला. मी पुढे झेपावून त्याची कॉलर सैल करायला लागले!

"बायांनो," इयन म्हणाला, "माझा चष्मा पायाशी पडलाय. शोधू द्याल का?"

* * *

मैदानात आम्ही गोल करून उभे राहिलो, पाइपवाले समोरासमोर. इयनने हुकूम दिला, पायाने ठेका धरला आणि आम्ही सुरू केलं.

त्याचे गाल फुगलेले, बोटं भराभर फिरत होती. पण चेहरा लाल होईना! पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं, तरी रंग चढेना. सोडू का वाजवणं? धरू का त्याला? केतकीने ड्रमआडून माझ्याकडे बघितलं, तिचेही डोळे भरलेले. घाबरून मी अशी काही फुंकत सुटले की कानांत दडे बसले. बाकीचेही तसेच फुंकत होते. शेवटी सगळे एकदम थांबलो. टाळ्याच टाळ्या!

इयन आपल्या पायांनी तंबूत आला आणि खुर्चीत बसला. मी त्याचे पाइप्स पेटीत ठेवायला घेतले. बॅगेतून एक नळी उपसली, तर तिच्या तोंडाशी रबरी बूच. दुसरी उपसली, तिलाही बूच. चारही नळ्या बंद! बँडमध्ये अगदी नवख्याला नुसतं संख्येसाठी असं उभं करतात. एकदा फुगवलेली बॅग फुगलेलीच राहते, बोटं फिरवायची, फुंकायचं नाही आणि आवाजही नाही.

मी वर बघितलं. इयन माझ्याकडेच बघत होता.

इतक्यात मोरा रडत, संतापत आत आली. मी बुचं मुठीत दाबली.

"मी मैदानाच्या कुंपणाशीच उभी होते, इयन! सगळ्यांत मोठा आवाज तुझा! मला तुझा आवाज ओळखता येत नाही असं वाटतं तुला?"

इयनने एकदा माझ्या मुठीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"सॉरी, लव्ह," तो म्हणाला.