मागचा डावा स्पीकर

भूतखेत, संकेत, असलं काही मी कधी मानलं नाही. आमच्या घरात दाराला लिंबू-मिरची लागली नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वळणच तसं लावलं. त्यात माझी नोकरी एमआयडीसीत मालाच्या तपासणीची. माप चुकलं की माल परत, एवढंच मला कळतं. हे लिहितोय, कारण हे कुठल्याच मापात बसत नाही...

आम्ही भिंगारला राहतो. तीनेक वर्षांपूर्वी सेकंड हँड गाडी घेतली. चार दरवाजे, चार स्पीकर, कंपनीचीच ऑडिओ सिस्टिम. मेहुणा म्हणाला, "दाजी, कंपनीचे स्पीकर म्हंजी पत्र्याचे डबे. काढून टाका." पण ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, ही माझी पद्धत.

गाण्यावर स्पीकर तपासू नये, गाण्यात दोष लपतात. मी अण्णांचं रेकॉर्डिंग लावतो. जाण्याआधी त्यांनी मोबाईलवर त्रिसरण-पंचशील म्हणून ठेवलं होतं. एक ओळ म्हणायची, मग थांबायचं – आम्ही मागून म्हणावं म्हणून. त्या मोकळ्या जागेत फक्त पंख्याची घरघर आहे. स्पीकरची खरखर नेमकी तिथे पकडता येते.

गाडी आणल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी ती दारात लावून बसलो. शेजारच्या सीटवर मंगल, माझी बायको, मेथी निवडत होती. आवाज बारावर ठेवला आणि एकेक स्पीकर वेगळा ऐकला. पुढचे दोन्ही स्वच्छ. बास कमी, पण शब्द सुटे. मागचा उजवा ठीक. मग मागचा डावा. अण्णांनी ओळ म्हटली, थांबले... आणि त्या मोकळ्या जागेत एका बाईनं ती ओळ म्हटली. घोगऱ्या, बसलेल्या आवाजात.

मंगलचा हात थांबला. "अहो, हा तर माझा आवाज हाय."

"तुझा खणखणीत आहे. हा स्पीकर फाटलाय."

"फाटल्या स्पीकरातून बाई बोलती व्हय?"

तीच फाईल घरी लावली – मोकळी जागा मोकळीच. मेहुण्याच्या गाडीत लावली – तसंच. रेकॉर्डिंग मोनो आहे, एकाच बाजूला वेगळं काही येणं शक्य नाही. शेवटी सावेडीतल्या एका दुकानात तो स्पीकर बदलून घेतला. दुकानदारानं नवा बसवून ऐकला आणि मंगलकडे पाहिलं. "वैनी, ह्ये म्हनताना सर्दी हुती का तुमाला?"

अण्णांनी रेकॉर्डिंग केलं तेव्हा मंगल राहुरीला माहेरी होती.

त्या दिवसापासून तिनं घसा दाखवायचा हट्ट धरला. "स्पीकर आजारी आणि औषध तुला?" मी चेष्टा केली, पण घेऊन गेलो. डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं. काहीही नव्हतं.

पावसाळा संपता संपता तिचा आवाज बसला. आधी सर्दी वाटली, मग तो सुटेचना. एका सकाळी ती ओट्यापाशी तीच त्रिसरण-पंचशीलाची वंदना म्हणत होती आणि मी दारातच थांबलो. मागच्या डाव्या स्पीकरमधला आवाज – तोच, जसाच्या तसा.

या वेळी गाठ होती. डॉक्टर फाईल बघत म्हणाले, "मागच्या वेळी आवाज बसलेला नव्हता. मग आला होतात कशासाठी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "असंच," मी म्हणालो.

पुण्याला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

घरी आणताना सुप्याच्या पुढे तिनं बोटानं दाखवलं – लावा. गाडी बाजूला घेतली. अण्णांनी ओळ म्हटली, थांबले. मंगलचे ओठ हलले, आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. घोगरा नव्हे, पूर्वीचा, खणखणीत. पुढच्या ओळीला ती मुद्दाम मध्येच थांबली. आवाजही तिथेच थांबला. मी तिच्या ओठांकडेच बघत होतो.

त्या जागेत तिनं ओठांनी दुसरं काही बोलून पाहिलं, "अहो" म्हणून पाहिलं. काही येत नाही. फक्त तेवढ्याच ओळी येतात.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही दारातल्या गाडीत बसून वंदना म्हणतो. मेहुण्यानं एकदा ऐकलं. आता तो आमच्या गाडीत बसत नाही. मला सुचल्या तेवढ्या तपासण्या मी केल्या. कारण सापडलेलं नाही, सापडेल असं वाटतही नाही.

गेल्या आठवड्यापासून तो आवाज पुन्हा घोगरा येतोय. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. काल मी आवाज आठवर आणला, तर मंगलनं हात पुढे करून तो परत बारावर नेला आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडे बघून हसली, मागच्या दाराकडे बोट केलं आणि हातानं खूण केली – बदला तो स्पीकर.

मी म्हटलं, बदलतो.