लाल गाडी दोघांकडे, रस्ता वेगळा

पोटच्या लेकीनं आपल्याला मुद्दाम खोटा कोड दिला असं वाटलं, तर तुम्ही काय कराल?

आमचा वेल्डर काहीच करणार नव्हता. दिवसभर लोकांची फाटकं जोडून, डोळे लाल करून तो आमच्या कामगार संघटनेच्या खोलीवर आला आणि भिंतीला टेकून बसला.

"ती मला टाळतेय," एवढंच बोलला.

बायको वेगळी झाली, लेक आईसोबत दुसऱ्या शहरात गेली. फोनवर बापलेकीचं बोलणं "जेवलीस का?"च्या पुढे सरकेना. मग लेकच म्हणाली, रविवारी दुपारी माझ्यासोबत शर्यतीचा गेम खेळ. हा पठ्ठ्या दुकानात गेला आणि टीव्हीला लावायचं भलंमोठं गेमचं यंत्र, म्हणजे कन्सोल, घेऊन आला. गेममध्ये तिला शोधायला लेकीनं दिलेला कोड टाकला, तर पडद्यावर अक्षरं आली: अशी व्यक्ती नाही.

"फोन करून विचार की," मी म्हणालो.

"कशाला? उगाच तिला खोटं बोलायला लावायचं?"

माझं डोकं फिरलं. "अरे, लेक आहे का सरकारी कार्यालय? लाव फोन!"

त्यानं लावला नाही. मीच त्याच्या फोनवरून लावला, स्पीकर चालू केला आणि टीव्हीच्या कन्सोलवर कोड चालत नाही म्हणून सांगितलं.

"बाबा, मोठा घेतलास? टीव्हीचा?" पोरगी किंचाळलीच. "माझा हातात धरून खेळायचा आहे! कंपनीच वेगळी!"

"गेम तर तोच आहे ना? डब्यावर तीच लाल गाडी आहे."

"गेम तोच रे, नेटवर्क वेगळं. तुझ्या कंपनीला मी दिसतच नाही. बाबा, तू पण ना!"

ती हसली. हा हसला नाही. पण पाठ भिंतीपासून सुटली.

नंतर मी चार जणांचं डोकं खाऊन समजून घेतलं. एकाच कंपनीचे दोन हातातले एका खोलीत असले, की बऱ्याच गेममध्ये इंटरनेटशिवाय एकमेकांना पकडतात. लांब असले, तर कंपनीच्या नेटवर्कवरून भेटतात. पण एकाचा कन्सोल या कंपनीचा, दुसऱ्याचा हातातला त्या कंपनीचा असला, तर गेम बनवणाऱ्यानं आणि दोन्ही कंपन्यांनी मिळून दार उघडलं तरच गाठ पडते. काही गेमना ते उघडलंय. लाल गाडीवाल्याला नाही. फोन कुठल्याही कंपनीचा असो, दुसऱ्या कंपनीच्या माणसाला लागतोच ना? मग इथेच ही कुंपणं कशाला? आणि वर तोंड करून सांगायचं, अशी व्यक्ती नाही! आहे हो ती. सातवीत आहे.

दुकानदार म्हणतो, डबा फोडलेला माल परत घेत नाही. त्याच्याशी मी भांडून आलो, पुन्हा भांडेन. पण रविवार काही भांडण मिटायची वाट बघत नाही. गेल्या रविवारी दोघं आपापल्या शहरात एकेकटी खेळली. दोघांच्या मध्ये फोन चालू होता, आणि कोण जिंकलं ते दोघांनाही कळलं नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या घरात कन्सोलवाला आणि हातातल्यावाला वेगवेगळ्या कंपन्यांवरून एकत्र खेळत असतील, तर त्या गेमचं नाव आम्हाला कळवा. शर्यतीचा असेल तर उत्तम. आणि अक्षरं जरा मोठी असलेला सुचवा. आमच्या माणसाचे डोळे फार थकलेत.