मावशींचा फोटो

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही पुन्हा विचारलंत की खेकडेवाल्या मावशींचा फोटो आजी का पाठवत नाही. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी तुमची आई आपल्याला ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर घेऊन गेली होती. तांबडे कडे, खारफुटी, आणि ओहोटीला इतकं मागे जाणारं पाणी की समुद्र गेला कुठे असं वाटावं. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी एक बाई आपल्याला फिरवत होत्या. त्यांच्या म्हाताऱ्या मावशींनी चिखलातल्या बिळात काठी घालून खेकडा काढला आणि स्वतःच मला म्हणाल्या, फोटो काढ.

यंदा त्या फिरवणाऱ्या बाईंनी, म्हणजे मावशींच्या भाचीने, तुमच्या आईला कळवलं की मावशी गेल्या. आपल्याकडे करतात तेच मी केलं. उल्हासनगरला फोटो मोठा करून फ्रेम करायला दिला. दुकानदार म्हणाला, "आंटी, चंदनाचा हार लावतो. तुमच्या साहेबांच्या फोटोला लावला होता तसाच." लाव म्हटलं. शेजारच्या कुरिअरमध्ये भाचीच्या पत्त्यावर पार्सल दिलं आणि बदलापूरच्या शेअर रिक्षात बसले.

अंबरनाथ आलं तेव्हा तुमच्या आईला फोन केला. फोटो पाठवल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "आई, त्यांच्यात माणूस गेलं की बराच काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो बघत नाहीत. भाचीने घरातले सगळे काढून ठेवलेत."

रिक्षावाल्याला मागे वळ म्हटलं. "आजी, बाकीच्यांना काय अंबरनाथ दर्शन घडवू?" म्हणाला. उतरून दुसरी केली. रस्ताभर डोळ्यांसमोर एकच: भाची खोका उघडते आहे, आणि हार घातलेल्या मावशी तिच्याकडे बघून हसताहेत.

कुरिअरवाला म्हणत होता, बुकिंग झालं, आता परत नाही. बाहेर टेम्पो भरला जात होता. मी काउंटरसमोरून हलले नाही. शेवटी वैतागून त्याने पोतं सोडलं आणि पार्सल काढून दिलं.

फोटो आता माझ्या कपाटात पालथा आहे. भिंतीवर तुमचे आजोबा हारासकट, आणि मावशी साड्यांखाली. डोक्याला पटतं, पण चैन पडत नाही. रोज एकदा तरी कपाट उघडते, हात न लावता बंद करते. कधी बघायचा ते त्यांच्या घरचे सांगतील. तोवर तुम्हालाही नाही.

ओहोटी लागली की भाची घरातल्या मुलींना घेऊन खारफुटीत जाते, असं तुमची आई सांगत होती. मावशींचं नाव कुणी घेत नाही. खेकडे अजून त्यांच्याच पद्धतीने काढतात.