मुखलिदचा सेंच्युरियन आणि निवलेली कॉफी

मुखलिदला रणगाड्यांबद्दल काहीही विचारा, फक्त जेवणाच्या आधी विचारू नका. जेवण राहून जातं. आमच्या झरका गावात अशी माणसं कमी नाहीत. अर्धं गाव लष्करात होतं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या बढाया ऐकत मोठं झालं. पण मुखलिदची तऱ्हाच वेगळी. अठरा वर्षं त्यानं ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन रणगाडा चालवला. त्यातली अकरा वर्षं मी त्याच्याच गाड्यात, वर तोफेशी बसायचो. निवृत्तीनंतर त्यानं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान टाकलं, पाच मुलं वाढवली, त्यांची लग्नं लावली. पण मनानं तो त्या गाड्यातून कधी उतरलाच नाही, हे त्याची बायकोही सांगेल.

दर शनिवारी आम्ही जिर्यिसच्या गॅरेजमागे जमायचो. जिर्यिस बुलडोझरचा मेकॅनिक, त्यामुळे त्याचा जीव रशियन टी-३४ वर. "तिरपं पोलाद, आत मोजकेच भाग. बिघडला तर हातोडा पुरतो," हे त्याचं ठरलेलं. दातांचे डॉक्टर वहीब, आमच्यात वयानं सगळ्यात लहान, त्यांना जर्मन टायगर हवा. शाळेत असताना प्लॅस्टिकचा जोडला होता म्हणे, तेव्हापासून त्या चौकोनी तोंडाच्या प्रेमात.

"टायगर म्हणजे तुझी दवाखान्यातली खुर्ची आहे, डॉक्टर," मुखलिद म्हणायचा. "नुसतं बघून समोरच्याचे पाय लटपटतात, हे मान्य. पण चाकांत चिखल गोठला की बसला तिथेच. माझ्या सेंच्युरियनच्या पोटात लढाऊ विमानाच्या इंजिनाचा सख्खा भाऊ आहे. खाचखळग्यांतून जाताना तोफेचं टोक हलत नाही. आणि आत चहाचं पाणी उकळायला भांडं आहे. तुझ्या टायगरमध्ये चहा मिळतो का?"

"मिळत नाही, काका," डॉक्टर हसत कबूल करायचे.

मला खरं तर अमेरिकन पॅटन आवडतो. अंड्यासारखा गोल, आत जरा पाय पसरता येतात. पण हे मी मुखलिदसमोर चाळीस वर्षांत बोललेलो नाही. दोस्ती टिकवायची होती मला.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी भंगारातून एक सेंच्युरियन मिळवला. तोफ निकामी केलेली, कागदपत्रं रीतसर. तीन वर्षं आम्ही चौघं त्याच्यात हात काळे करत होतो. यंदा एप्रिलमध्ये, शुक्रवारच्या नमाजानंतर, तो सगळ्यांच्या बायकापोरांसमोर शेडमधून बाहेर काढायचं ठरलं. चालवणार कोण, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

अडचण एवढीच की गाडा शेडमध्ये आत तोंड करून उभा. तो मागे मागे घेतच बाहेर काढायचा. चालक पुढे खाली बसतो, त्याला मागचं काही दिसत नाही. वर बसलेला माणूस कानाला लावलेल्या फोनच्या तारेवरून सांगतो: डावीकडे घे, उजवीकडे घे, थांब. तो वर बसलेला माणूस मी.

सोमवारी तालीम केली. मी "थांब" म्हणालो. गाडा थांबला नाही. दुसऱ्यांदा म्हणालो, तिसऱ्यांदा घसा फोडून ओरडलो. थांबला तेव्हा मागचं तेलाचं पिंप पापडासारखं चपटं झालं होतं. "तारेत खरखर आहे," मुखलिद उतरून म्हणाला. जिर्यिसनं तार तपासली, तर तार ठणठणीत. शुक्रवारी त्या पिंपाच्या आसपास पोरं उभी राहणार होती. डॉक्टरांची सहा वर्षांची नादीन तर हमखास सगळ्यांच्या पुढे.

मंगळवारी सकाळी उम्म नायेफ, म्हणजे नायेफची आई, मुखलिदची बायको, आमच्याकडे आली. माझ्या सुनेनं कॉफी दिली. तिनं पेला ओठाला लावला नाही. समोर खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. पेला असा ठेवला की पाहुण्याचं काहीतरी मागणं असतं, आणि शब्द मिळेपर्यंत तो कॉफीला हात लावत नाही. शहाण्या माणसानं अशा वेळी आधी विचारावं, काय हवंय बाई. पण आमच्यात आधी विचारणं म्हणजे हलकेपणा. मीही बापजाद्यांसारखी छाती काढून म्हणालो, "प्या वहिनी. काम झालं समजा."

तिनं कॉफी संपवली आणि म्हणाली, "शुक्रवारी त्यांना गाडा चालवू देऊ नका, भाऊ."

सून आत गेली आहे ना, ते मी आधी बघितलं.

"त्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतात आणि हो ला हो करतात. मला वाटायचं, माझं ऐकायचं नाही म्हणून सोंग आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात तसं वाटणारच ना. पण परवा नातू मागे पाळण्यात रडून रडून निळा झाला, आणि हे दोन हातांच्या अंतरावर बसून पेपर वाचत होते."

"त्याला हे कबूल आहे का?"

"कबूल करणाऱ्यातले आहेत का ते? आणि मी सांगितलं हे त्यांना कळता कामा नये. तुम्ही शब्द दिलाय."

दिला होता खरा. झक मारली आणि दिला होता. आता मुखलिदला सांगू काय? तुझी बायको म्हणते, असं सांगायची सोय नाही. तू बहिरा झालास, हे सांगू? ज्याच्या भरवशावर अकरा वर्षं जीव मुठीत घेऊन बसलो, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? जेवणाचं ताट तसंच सरकवलं. सून म्हणाली, "बाबा, बरं नाही का?" तर मी उगाच तिच्यावरच खेकसलो.

बुधवारी दुपारी मुखलिद स्वतः आला. बसला, तब्येतीची चौकशी केली, आणि सगळा वेळ माझ्या ओठांकडे बघत होता. इतकी वर्षं समोर बसतो, पण हे मला त्या दिवशी दिसलं. सुनेनं कॉफी दिली. त्यानं पेला खाली ठेवला.

तो काय मागणार ते मला ठाऊक होतं: शुक्रवारी मीच चालवणार, तू मध्ये पडू नकोस. एक शब्द कालच देऊन बसलो होतो, त्याच्या उलटा दुसरा कसा देऊ? कॉफीची वाफ विरली. शेवटी मी म्हणालो, "आधी सांग तरी, काय हवंय."

त्यानं ते ओठांवरून वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत मी त्याला असं वागवलं नव्हतं. शत्रूलासुद्धा कुणी असं वागवत नाही. "काही नाही," तो म्हणाला. "सहज आलो होतो." उठला आणि गेला. पेला भरलेला तसाच. सून तो उचलायला आली ती माझ्याकडे न बघताच. माझ्या घरातून कॉफी न पिता उठलेला तो पहिला माणूस.

गुरुवारी मी त्याच्या दुकानापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा कोपऱ्यावरून परतलो. शुक्रवारी नमाजात मन नव्हतं. एवढं ठरवलं होतं की गाड्यापुढे आडवा उभा राहीन. त्यानं तोंडावर थुंकलं तरी चालेल, दोस्ती तुटली तर तुटू दे, पण त्या गाड्यामागे पोरं आहेत.

मैदानात पन्नासेक माणसं जमली होती. नादीन नेमकी शेडच्या दारापाशी, हातात फुगा. दोनदा तिला मागे नेलं, दोनदा ती परत आली. मुखलिद जुनी काळी टोपी घालून आला, माझ्याकडे बघितलं नाही, सरळ गाड्यावर चढला. मी पुढे झालो, तोंड उघडलं, तेवढ्यात तो वरूनच बोलला. जरुरीपेक्षा फार मोठ्यानं.

"मंडळी, मला ऐकू येत नाही. सोमवारचं पिंप मी चिरडलं, तारेचा दोष नव्हता. गाडा जिर्यिस चालवेल."

कुणीतरी हसलं, बहुतेक थट्टा समजून. उम्म नायेफनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं. मुखलिद सावकाश खाली उतरला, टोपी जिर्यिसच्या हातात दिली आणि माझ्याजवळून जाताना म्हणाला, "हेच मागायला आलो होतो. तू आपलं सगळ्यांना सांगायचंस, जिर्यिसनं चालवायचं ठरलंय म्हणून. मग मला हे असं बोलावं लागलं नसतं."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं मला. तेवढ्यात गर्दीनं मला गाड्यावर ढकललंच.

इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. गाडा मागे मागे येत उन्हात आला. मी "थांब" म्हणालो आणि तो जागच्या जागी थांबला. नादीन टाळ्या पिटत होती. मुखलिद बाजूला, गरम पोलादावर तळहात सपाट टेकवून उभा होता. "डावीकडचा एक प्लग पेटत नाहीये," तो कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाला. जिर्यिसनं नंतर झाकण काढून पाहिलं, तर बरोबर तसंच होतं.

लोक पांगल्यावर मुखलिद गाड्यात शिरला आणि त्याच्या त्या लाडक्या भांड्यात पाणी उकळलं. त्या दिवशी चहा केला नाही, कॉफी केली. मला पेला दिला. मी तो घेतला आणि त्याच्यासमोर पोलादावर ठेवला. हात मांडीवर घेतले. माफी मागायची होती, ओठ हलवले.

त्यानं माझ्या ओठांवरून नजर काढली आणि मुद्दाम दुसरीकडे बघत बसला.

"पी," तो म्हणाला. "झालं तुझं काम."