तांपेरेला जाताना तिघं

आम्ही राहुरी सोडली त्या सकाळी घोडेगावचे अण्णा टेम्पोत जळालेली मोटार घालून आमच्या दुकानापुढे उभे होते. विलास, माझा नवरा, विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. मला फिनलंडमधल्या तांपेरे शहरात सॉफ्टवेअरची नोकरी लागली, म्हणून त्यानं पंधरा वर्षांचं दुकान बंद केलं होतं.

"आता आमी कुनाकडं जायचं?" अण्णांनी विचारलं.

"नगरला न्या, अण्णा."

"व्हय. बायकूमागं चाललास म्हनं."

अण्णांच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं, पण राहाता येईपर्यंत विलास दुकानाची किल्ली बोटांत फिरवत होता. राहात्याला माझ्या माहेरी आईनं नातीसाठी पेरूंची पिशवी दिली. शिर्डीहून दिल्ली आणि तिथून हेलसिंकी असा प्रवास झाल्यावर तिथल्या अधिकाऱ्यानं, बाहेरची फळं चालत नाहीत म्हणत, ते पेरू कचऱ्याच्या डब्यात टाकले. गार्गी, आमची सहा वर्षांची मुलगी, तांपेरेच्या गाडीत बसेपर्यंत मुसमुसत होती.

तांपेरे दोन तळ्यांच्या मधल्या पट्टीवर वसलंय. जुन्या गिरण्यांच्या लाल विटांच्या चिमण्या, गोठलेलं पाणी, आणि नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच मावळणारा दिवस. रुइसलेइपा (राईच्या पिठाचा काळा, आंबूस पाव) मला आवडू लागला. विलास तो चहात बुडवून कसाबसा गिळायचा. भाषा येत नव्हती आणि तिथला परवाना नव्हता, त्यामुळे विजेच्या कामाला त्याला कुणी उभं करेना.

जानेवारीत इमारतीच्या पेसुतुपात (सगळ्यांची मिळून असलेली धुण्याची खोली) एक यंत्र बंद पडलं. विलासनं ते उघडलं आणि तासाभरात चालू केलं. कितीतरी दिवसांनी तो शीळ घालत वर आला. दुसऱ्या दिवशी तिथं एक कागद चिकटवलेला होता. मी मोबाईलवर अर्थ काढून वाचला: यंत्रांना रहिवाशांनी हात लावू नये.

"सगळ्यांसाठी लिहिलंय," मी म्हणाले.

"न्हाई. माझ्यासाठी लिहिलंय."

पुढे त्याला एका हॉटेलात भांडी घासायचं काम मिळालं. तो कामाला जायचा, यायचा, गार्गीला शाळेतून आणायचा. भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला वाटायचं.

दुसरा हिवाळा सरल्यावर तीन आठवड्यांच्या रजेवर आम्ही राहुरीला आलो. विलास आल्याची बातमी आपोआप पसरली आणि तिसऱ्या दिवशी अंगणात चार मोटारी येऊन पडल्या. मुळा धरणाच्या बाजूची माणसं ओट्यावर बसून कांद्याच्या, कारखान्याच्या गप्पा मारत होती. विलास मधोमध बसून तांब्याची तार गुंडाळत होता, मोठ्यानं हसत होता. तो आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. मी दारात उभी राहून ऐकत होते, आणि मला भीती वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी त्याची बॅग रिकामीच होती.

"मी येत न्हाई," तो म्हणाला.

"आणि गार्गी?"

"तिला तिथंच शिकव. लई चांगली शाळा हाय."

"मी नोकरी सोडू का?"

त्यानं रिकाम्या बॅगेची चेन लावून टाकली. मग म्हणाला, "मी कशाला सांगू तसं?"

त्यानं 'सोड' म्हटलं असतं तर मी सोडली नसती. हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मला. विमानतळावर त्यानं गार्गीच्या स्वेटरची बटणं लावून दिली, माझ्या डोक्यावर ओझरता हात ठेवला आणि गाडीकडे वळला.

आजवर प्रवास म्हटलं की मी किती लांब गेले एवढंच बघत आले. कोण कुठं मागे राहिलं, हे यावेळी पहिल्यांदाच बघितलं. तांपेरेला इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. त्यांनी गार्गीला, बाबा कुठे, असं विचारलं.

"इसा ऑन कोतोना," गार्गी सहज म्हणाली. (बाबा घरी आहेत.)

आजी मान हलवून खाली उतरल्या. मी आमचं दार उघडलं.