अठ्ठावन्न हजार सहाशे

आमचे मामंजी जिंकायला आले की गेम बंद करायचे. हातातल्या करड्या ब्रिक गेमवर ठोकळे भराभर पडत असायचे, दोन्ही अंगठे चालत असायचे, डाव ऐन रंगात आलेला असायचा, आणि पन्नास हजारांचा आकडा ओलांडला की बटण दाबून ते मोकळे. मी नवी नवरी, समोर भाजी निवडत बसलेली. एकदा धीर करून विचारलं, "मामंजी, चांगला चालला होता की डाव!" तर म्हणाले, "गाडी कुठं थांबवायची ते कंडक्टरला कळाय लागतं, सूनबाई."

त्या गेममध्ये आजवरचा सगळ्यात मोठा आकडा साठवलेला होता. अठ्ठावन्न हजार सहाशे. तो माझ्या सासूबाईंचा. माझं लग्न ठरायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. तो आकडा मामंजींना मोडायचा नव्हता, म्हणून जवळ पोचले की ते थांबायचे. हे मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही, आणि त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

मामंजी एसटीत कंडक्टर होते. आजरा, नेसरी, गडहिंग्लज याच वाटेवर त्यांची नोकरी झाली. माझं माहेर नेसरीचं, त्यामुळे लहानपणी मी त्यांच्याच हातून तिकीट घेतलं असणार, असं ते छातीठोकपणे सांगायचे. वर "खिडकीसाठी भांडत हुतीस," अशी पुस्तीही जोडायचे. रिटायर झाल्यावर दुपारचा वेळ जाईना, म्हणून स्टँडसमोरच्या एका गाड्यावरून त्यांनी हा गेम आणला. पण घंटी काही डोक्यातून गेली नव्हती. जेवणाचं ताट आलं की "सिंगल बेल" म्हणून पॉज, हात धुऊन आले की "डबल बेल" म्हणून पुन्हा सुरू. पॉजच्या बटणावर त्यांचा भारी जीव. "ह्यो ज्यानं काढला, त्याला बायको हुती बघ," म्हणायचे.

खोक्यावर छापलं होतं, आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ. मामंजींचा विश्वास बसेना. आठवडाभर वही घेऊन बसले, एकेक खेळ उघडून बघितला आणि निकाल दिला, "सीटवर बसल्यात आठ. बाकी सगळी स्टँडिंग." म्हणजे तेच खेळ वेग बदलून पुन्हा पुन्हा घातलेले होते.

त्या आठांबद्दल त्यांची मतं पक्की होती. मोटारीचा खेळ त्यांना मुळीच पसंत नव्हता. "ह्या गाडीला ब्रेक न्हाय. ब्रेक न्हाय त्या गाडीत मी पाय ठेवत न्हाय." रणगाड्यांचा खेळ म्हणजे नुसता दंगा. शेजारी टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम आला, तोही जाऊन बघून आले. "चित्रं झ्याक हायत. पर टीव्हीफुडं मान वर करून खेळायचं म्हंजे दुसऱ्याच्या घरी जेवल्यागत वाटतंय. खेळ मुठीत पायजे." ठोकळ्यांचा मात्र त्यांच्या लेखी खरा खेळ. का, ते त्यांनी मला एकदा नीट समजावलं. "हरल्यावर चूक आपलीच हुती हे ज्यात कळतंय, त्यो चांगला गेम. बाकीच्यात नुसत्या नशिबाला शिव्या घालायच्या." तेव्हा मला ते रिकामपणाचं बोलणं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

या गेमची एक खोड होती. सेल काढले की तो सगळं विसरायचा, साठवलेला आकडासुद्धा. मामंजींनी त्यावर तोड काढली होती. जुन्या रेडिओतल्या दोन वायरींनी ते आधी नवे सेल बाहेरून जोडायचे आणि मगच आतले जुने काढायचे, म्हणजे गेम क्षणभरही उपाशी राहू नये. मी लग्न होऊन आल्यापासून ती वेळ आली नव्हती, आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. नेसरीला आमच्याकडे रेडिओचा आवाज बसला की सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे. तापले की आणखी चार दिवस चालायचे. मे महिन्यात एकदा मामंजी जुन्या सोबत्यांना भेटायला स्टँडवर गेले होते. मी घर आवरायला काढलं. बघते तर गेमवरचे ठोकळे फिकट दिसत होते. मी बॅटरीतले, घड्याळातले आणि गेममधले सेल काढले, सुपात मांडले आणि गच्चीवर ठेवून आले. सून काटकसरी आहे म्हणून सासरे खूश होतील, असे मनातल्या मनात मांडेही खाल्ले. तासा-दीड तासानं सगळे सेल जागच्या जागी बसवले.

चारच्या सुमारास मामंजी आले, पाणी प्यायले आणि गेम हातात घेतला. अंगठे जागच्या जागी थांबले.

"सेल काढलं हुतंस व्हय गं?"

"हो, उन्हात ठेवले होते. बघा, आता कसे काळेभोर दिसतात ठोकळे," मी फुशारकीनं म्हणाले.

त्यांनी गेम कॉटवर ठेवला. मग "बरं केलंस," एवढंच म्हणून चपला घातल्या आणि रंकाळा तळ्यावर फिरायला गेले. रंकाळ्यावर ते रोज सकाळी जायचे, भर उन्हात कधीच नाही.

पाच वाजता आमचे हे इचलकरंजीहून पहिली पाळी करून आले. गेम कॉटवर चालूच होता. त्यांनी सहज उचलला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आईचा आकडा गेला," ते म्हणाले, आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तिनं स्वतःच्या हातानं मिळवलेली एवढी एक गोष्ट घरात जिवंत होती, आणि ती मी सुपात वाळत घातली.

मामंजी रागावले असते तर परवडलं असतं. ते परत आले, जेवायला बसले, आमटी चांगली झालीय म्हणाले. पुढचे आठ दिवस गेम कपाटावर पडून राहिला. ते त्याच्याकडे बघतही नव्हते आणि मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. या घरातली माझी जागा संपली, असं मी धरून चालले. माहेरी जायला पिशवीसुद्धा भरली. नवव्या दिवशी सकाळी पिशवी उचलायची ती राहिली आणि मी गेम उचलून त्यांच्यासमोर ठेवला. "मामंजी, शिव्या द्या, पण बोला."

"शिव्या कशाला? आदी चूक कुणाची ते बघाय नगं?" ते म्हणाले. मी मान खाली घातली. "तुझी न्हाय, पोरी. माझी हाय. घरात नवं माणूस आलंय, त्याला मी सासूचा आकडा सांगितलाच न्हाय. एकट्यानंच जपत बसलो." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग कॉटवर सरकून मला जागा करून दिली. "बस हिथं. ठोकळं लावाय येत्यात का?"

मला येत नव्हते. त्यांनी शिकवले, आणि शिकवता शिकवता ते पहिल्यांदाच सासूबाईंबद्दल बोलायला लागले. आधी त्या या खेळाला हसायच्या. मग तव्यावरची भाकरी करपेपर्यंत खेळायला लागल्या. मामंजी कडेला एक फट राखून उभ्या लांब ठोकळ्याची वाट बघत बसायचे, त्यावरून त्या करवादायच्या. "लांबडा येईल तवा येईल. हाताला आलाय तो बसवा की!" मामंजींनी त्यांचा आवाज काढून दाखवला आणि मला सासूबाई भेटल्या. भिंतीवरच्या फोटोतून त्या कधी भेटल्या नव्हत्या.

आता थांबायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून मामंजी जीव तोडून खेळायला लागले. एक्कावन्न हजार. त्रेपन्न. एकदा पंचावन्न. पुढं ठोकळे इतक्या वेगानं पडायचे की त्यांचे अंगठे चुकायचेच. पावसाळाभर खटपट केली, पण अठ्ठावन्न काही दिसले नाहीत. एक दिवस गेम मांडीवर टाकून ते इतके हसले की ठसका लागला. "आयला, मी उगाच थांबत हुतो की गं! मला वाटायचं मी तिचा मान राखतोय. माझ्यानं व्हायचंच नव्हतं ते!" इतके खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

पुढं मोबाइल आले. त्यातला सापाचा खेळ खेळून त्यांनी मत दिलं, "सापाला स्वतःचंच शेपूट आडवं येतंय. लई खायचा नाद, दुसरं काय!" रंगीत पडद्याचे हातातले गेम आले, तेही ह्यांच्या एका मित्राकडे पाहिले. "चित्रच बघत ऱ्हायलो, खेळायचं ऱ्हाऊनच गेलं," म्हणाले. तोवर त्यांचे हात थरथरायला लागले होते. दुपारी मी खेळायचे आणि ते शेजारी बसून चुका काढायचे.

दवाखान्यात न्यायच्या दिवशी रिक्षा दारात उभी होती. त्यांनी रुमालात गुंडाळलेला गेम माझ्या हातात दिला. हलका लागला. उघडून बघते तर आत सेल नव्हते.

"मामंजी, तुमचा पंचावन्न हजारांचा आकडा गेला की!"

"जाऊ दे की. मीच काढलं सेल. तुला ठावं हाय नव्हं?" मग रिक्षात बसता बसता मागं वळून म्हणाले, "नवं सेल घाल. उन्हात ठेवू नगंस."

ते परत आले नाहीत.

वर्षभर मी त्या गेमला हात लावला नाही. मग एका दुपारी नवे सेल आणले. पडद्यावर शून्य. लांबड्याची वाट न बघता हाताला आलेला ठोकळा बसवत गेले. हळूहळू जमत गेलं. परवा छप्पन्न हजार झाले आणि कुकरची शिट्टी वाजली. घरात कोणी नव्हतं, तरी मी मोठ्यानं "सिंगल बेल" म्हणाले, गॅस बंद करून आले आणि "डबल बेल" म्हणून बसले. थांबले मात्र नाही. छप्पन्न हजार चारशेवर आउट झाले. डाव्या कडेला चौकोनी ठोकळा घाईनं टाकला होता. चूक माझीच होती.

सासूबाईंचा आकडा आमच्या घरात अजून कुणाला मोडता आलेला नाही.